गेम बॉय ॲडव्हान्ससाठी होमब्रू (हौसेने घरीच केलेला गेम) लिहिताय? या चुका टाळा

“एम्युलेटरवर मस्त चालतंय, पण खऱ्या मशीनवर स्प्राइट हलतच नाही.” (एम्युलेटर म्हणजे पीसीवर या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, स्प्राइट म्हणजे पडद्यावर हलणारं छोटं चित्र.) ही तक्रार इतकी ठरलेली आहे की कोड न बघताही पहिला संशय मेमकॉपीवर, म्हणजे मेमरीतला डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या सी भाषेतल्या फंक्शनवर, घ्यावा, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

पीसीवर शिकलेल्यांना मेमरी म्हणजे सगळीकडे सारखीच वाटते. २००१ च्या या मशीनमध्ये मेमरीच्या प्रत्येक विभागाचा नियम वेगळा आहे. व्हीरॅम (चित्रांची मेमरी), पॅलेट (रंगांची यादी) आणि ओएएम या तिन्हींत १६ किंवा ३२ बिटांनीच लिहायचं असतं. (ओएएम म्हणजे स्प्राइटची जागा, आकार आणि टाइल, म्हणजे चित्राचा छोटा चौकोनी तुकडा, तिचा क्रमांक ठेवणारा १ केबीचा तुकडा.) ओएएममध्ये किंवा स्प्राइटच्या टाइलांवर एकटा बाइट लिहिलात तर हार्डवेअर तो सरळ सोडून देतं, एररही देत नाही. पॅलेट आणि बॅकग्राउंडच्या व्हीरॅममध्ये तोच बाइट शेजारच्या बाइटवरही उमटतो. म्हणून तर मोड ४ मध्ये (जिथे एक पिक्सेल म्हणजे एक बाइट) एक पिक्सेल टाकायला जावं आणि दोन रंगावेत, असं होतं.

आता नेहमीचा प्रसंग बघा. दर फ्रेमला ओएएम पूर्ण कॉपी होतंय: १२८ स्प्राइट, प्रत्येकी ८ बाइट, एकूण १०२४. सगळं छान चाललंय. मग वेग वाढवायचा म्हणून फक्त हीरोचे ८ बाइट कॉपी करायचं ठरतं. जुन्या, ढिल्या एम्युलेटरवर हीरो पळतो, मशीनवर जागचा हलत नाही. मग बटणं तपासली जातात, कार्ट्रिज पुसलं जातं, कंपायलर नव्याने टाकला जातो. दोष यातल्या कशातच नसतो. डेवकिटएआरएम या कंपायलर-संचासोबत येणाऱ्या न्यूलिब या सी लायब्ररीची मेमकॉपी सहसा १६ बाइटपेक्षा कमी मजकूर एकेक बाइट करून हलवते. दोन्हीपैकी एखादा पत्ता ४ ने भागला जात नसेल तरी तेच. १०२४ बाइट ३२ बिटांच्या घासांनी गेले म्हणून चालत होतं, इतकंच. त्यात स्ट्रक्चर ४ वर अलाइन असेल, म्हणजे त्याचा पत्ता ४ ने भागला जात असेल, तर कंपायलर मेमकॉपीऐवजी थेट ३२ बिटी सूचना टाकू शकतो. त्यामुळे तीच ओळ एका फाइलमध्ये चालते आणि दुसरीत नाही, आणि माणूस पार गोंधळतो.

उपाय एकच, आणि तो सवयीचा आहे: व्हीरॅम आणि ओएएमसाठी मेमकॉपी वापरायचीच नाही. १६ बिटी व्होलाटाइल पॉइंटर घ्या आणि चार ओळींचा स्वतःचा लूप लिहा. व्होलाटाइल विसरू नका, नाहीतर ऑप्टिमायझर तुमचा साधा लूप ओळखून तिथे पुन्हा मेमकॉपीच बसवू शकतो. मोठा डेटा असेल तर डीएमए ३ (प्रोसेसरऐवजी कॉपी करणारं हार्डवेअर) किंवा बायॉसचं, म्हणजे मशीनमधल्या मूळ प्रोग्रामचं, सीपीयूसेट हे कॉपी फंक्शन. सीपीयूफास्टसेट ३२ बाइटच्या पटीतच काम करतं, हे लक्षात ठेवा. टाइलांचा ॲरे हाताने लिहिलेला असेल तर त्याला ४ चं अलाइनमेंट द्या. ग्रिट हे चित्रांचा डेटा बनवणारं टूल ते आपोआप देतं.

सेव्हच्या एसरॅमचं (कार्ट्रिजमधल्या, गेम जपून ठेवणाऱ्या मेमरीचं) नेमकं उलट आहे. तिची बस ८ बिटांची, त्यामुळे ३२ बिटांनी वाचलं तर एकच बाइट चार वेळा मिळतो आणि लिहिलं तर एकच बाइट पोचतो. ‘सेव्ह करप्ट होतोय’ म्हणणाऱ्यांनी आधी हेच तपासावं. इथे बाइट बाइट वाचा, बाइट बाइट लिहा.

दुसरी चूक, जिची खरोखर चीड येते: फ्रेम थांबवण्यासाठी ‘व्हीकाउंट १६० होईपर्यंत फिरत राहा’ असा एका ओळीचा लूप. (व्हीकाउंट म्हणजे पडद्याची सध्या चालू असलेली ओळ; तो १६० झाला की फ्रेमचं चित्र काढून झालेलं असतं.) एक स्कॅनलाइन, म्हणजे पडद्याची एक ओळ, १२३२ सायकलची असते. तुमचं काम त्याआधी उरकलं तर व्हीकाउंट अजून १६० च असतो, लूप लगेच सुटतो आणि त्याच फ्रेममध्ये गेम दोनतीनदा पुढे सरकतो. रिकाम्या मेनूत कर्सर उड्या मारतो, गर्दीच्या लेव्हलमध्ये सगळं नीट दिसतं, आणि दोष बटणांच्या कोडवर जातो. आधी १६० च्या खाली येण्याची आणि मग १६० गाठण्याची वाट बघितली तर हा घोळ मिटतो, पण प्रोसेसर फुकट फिरत राहतो आणि बॅटरी खातो. योग्य मार्ग म्हणजे बायॉसचा व्हीब्लँकइंटरवेट हा कॉल. त्यात प्रोसेसर व्हीब्लँकचा, म्हणजे चित्र काढून झाल्याचा, इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) येईपर्यंत झोपतो.

तो कॉल केला आणि गेम गोठला, तर इंटरप्ट चालू केलेला नाही. लिबजीबीए या लायब्ररीमध्ये आधी आयआरक्यूइनिट आणि मग व्हीब्लँकसाठी आयआरक्यूइनेबल, एवढं पुरतं. हे सगळं हाताने करायची हौस असेल तर डिस्पस्टॅट रजिस्टरमधला व्हीब्लँकचा बिट, आणि आयई व आयएमई ही रजिस्टरं, अशी तिन्ही लागतात. शिवाय हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) आयएफ रजिस्टर साफ करून बायॉसचा स्वतंत्र फ्लॅगही लावायचा असतो. तो राहिला तर तो कॉल परतच येत नाही. हे समजून न घेता कुठून तरी उचललेला हँडलर चिकटवू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. बटण दाबलं की बिट ० होतो, १ नाही. वाचलेली किंमत उलटी करून घ्या.

मोठ्या तक्त्यांना कॉन्स्ट लावा, नाहीतर ते ३२ केबीच्या आयडब्ल्यूरॅममध्ये (छोट्या, वेगवान मेमरीत) जाऊन बसतात आणि लिंकर (तुकडे जोडून गेमची फाइल बनवणारा प्रोग्राम) ओरडतो. मोठे बफर २५६ केबीच्या ईडब्ल्यूरॅममध्ये (मोठ्या, संथ मेमरीत) टाका. फंक्शनच्या आत मोठा लोकल ॲरे तर नकोच, स्टॅकही त्याच ३२ केबीत आहे आणि तिथे ओरडायला लिंकर नसतो.

फ्लोट (दशांश संख्या) नको. एफपीयू, म्हणजे त्यांचं गणित करणारं हार्डवेअर, नाही, भागाकाराची सूचनाही नाही. ८ बिट अपूर्णांकाचा फिक्स्ड पॉइंट (पूर्णांकातच अपूर्णांक ठेवण्याची पद्धत) बहुतेक गेमना पुरतो.

सुरुवातीलाच १२८ ही स्प्राइट लपवा, नाहीतर न वापरलेली सगळी वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतात. मोड ३ ते ५ मध्ये स्प्राइटच्या टाइला ५१२ पासून सुरू होतात, त्याआधीची जागा चित्राच्या बफरची असते.

फाइल एम्युलेटरवर उघडते आणि मशीन पुढे सरकतच नाही, तर जीबीएफिक्स हे हेडर दुरुस्त करणारं टूल चालवायचं राहिलंय. हेडरमधला लोगो आणि चेकसम बायॉस तपासतं, बरेच एम्युलेटर तपासत नाहीत. रोजच्या कामाला एमजीबीए हा एम्युलेटर वापरा आणि प्रत्येक नवं फीचर झालं की त्याच संध्याकाळी फ्लॅशकार्टवर (आपला गेम भरता येणाऱ्या कार्ट्रिजवर) टाकून बघा. महिनाभराचे बदल साठवून मग मशीन हातात घेतलं तर कोणता बदल नडला हे शोधण्यातच पुढचा आठवडा जातो.