वाफ्याच्या लाकडाला तेल, पण कुठलं?

खानापूरकडचा पाऊस लाकडाला सहजी सोडत नाही. परसातल्या वाफ्याच्या फळ्या आणि दोडक्याच्या मांडवाचे खांब आधी कुजतात ते जमिनीलगत आणि कापलेल्या टोकाशी. टोकाला लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात, पाणी तिथूनच आत शिरतं. म्हणून तेल लावताना पहिला मान टोकांचा. पीत राहील तोवर पाजायचं.

आमच्याकडे गॅरेजमधलं जळकं ऑइल सर्रास फासतात. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्याला ते अजिबात नको, त्यातली घाण मातीत उतरते. जवसाचं कच्चं तेल घ्या. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' पुढे करतील. ते लवकर वाळतं खरं, पण त्यात बहुधा धातूचे क्षार घातलेले असतात. कच्चं वाळायला कित्येक दिवस घेतं, तेव्हा वळवाच्या आधीच, खडखडीत कोरड्या लाकडावर लावा. हात पातळ मारा आणि अर्ध्या तासाने वर राहिलेलं पुसून काढा, नाहीतर चिकट थर बसून धूळ धरतो. असे दोन-तीन हात. दरवर्षी उन्हाळ्यात पुन्हा एक.

पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात भिरकावू नका! जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी बाहेर मोकळी पसरून वाळवा.

वाळवी मात्र तेलाला भीक घालत नाही. खांब मातीत पुरण्याऐवजी चिऱ्यावर उभा करा, चिरे तर आपल्याकडे घराघरात पडलेले असतात.