अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर जुळवताना

आधी स्पीकरच्या मागे किती ओहम (स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप) लिहिलेत ते वाचा. अक्षरं पुसली असतील तर वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. अ‍ॅम्प्लिफायरवर दिलेल्या किमान ओहमच्या खाली कधीही जाऊ नका. ओसरीतही गाणी हवीत म्हणून ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला (डाव्या किंवा उजव्या बाजूच्या आउटपुटला) समांतर, म्हणजे लालला लाल आणि काळ्याला काळी वायर असे, जोडले, की भार ४ ओहमचा होतो आणि करंट दुप्पट. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास! बंद कपाटात ठेवलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला करंट पुरवणारे भाग) जातातच. अ‍ॅम्प्लिफायरच्या वर किमान १० सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा.

वॅट आरएमएसमध्येच (सतत मिळणारी खरी ताकद) पाहा, पीएमपीओचा (क्षणभराचा फुगवलेला) आकडा सोडून द्या. आमच्या मते सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा आवाज देतो) जास्त महत्त्वाची: ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. ट्विटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) बऱ्याचदा जळतात ते लहान अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताणल्यामुळे. आवाज फाटू लागला की लगेच कमी करा.

वायर तांब्याची, ८ ओहमला १० मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर पुरते. अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच जोडा, लाल लालला. एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाली तर बास पातळ होतो.