टाइमटेबल लावायच्या आधी पोरांना विचारा
नवीन शैक्षणिक धोरणानंतर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) एवढं सगळं आलंय की पहिल्या वर्षाची पोरं फॉर्म भरतानाच गोंधळतात, म्हणून कॉलेजवाल्यांनो, अ‍ॅडमिशनच्याच आठवड्यात वीस-पंचवीस मुलांमागे एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, द्याच. त्यांनी प्रत्येकाचा एक कागद ठेवायचा, तीन वर्षांच्या किमान 120 क्रेडिटपैकी किती झाले, एटीकेटी (नापास होऊन राहिलेला विषय) कशात आहे, एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) काढलाय का. टाइमटेबल मात्र पसंती घेऊन मगच लावा, नाहीतर मायनर आणि इलेक्टिव्ह एकाच तासाला येतात आणि पोरगं नको तो विषय घेऊन बसतं. आणि प्लीज, पनवेलहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला येणाऱ्यांना सकाळी सातचं लेक्चर, मग तीन तास गॅप, मग प्रॅक्टिकल असं देऊ नका, सलग ठेवा.