पांढऱ्या पेशी चिडायच्या आत

दर वर्षी एखादा विद्यार्थी हातात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या फोटोचा प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी येतो. फोटोत पेशी असते, पण फाटक्या गोणपाटासारखी. "मॅडम, मशीन नीट नव्हतं वाटतं." मी विचारते, रक्त काढल्यापासून ग्लुटारॲल्डिहाइड, म्हणजे पेशी आहे तशी पक्की करणारं द्रव्य, घालेपर्यंत किती वेळ गेला? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "जेवून आलो आणि केलं की."

मी बेळगावात वीसेक वर्षं नमुने तयार करते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी आमच्या विभागात नाही, त्यासाठी धारवाड नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. त्यामुळे मला येतं ते सगळं मशीनच्या अलीकडचं. पण फोटो बिघडतो तोही तिथंच.

यकृताची पेशी म्हणजे गरीब गाय. पांढऱ्या पेशींचं तसं नाही. बाहेरचं काही दिसलं की धावून जायचं, हाच त्यांचा धंदा. काचेला लागल्या, गारठा लागला, सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरल्या, की न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणारी पांढरी पेशी, पाय पसरते, आतले कण बाहेर सोडते, आकार बदलते. मग तुम्ही रोग्याच्या पेशीचा फोटो काढत नाही, तुम्ही तिला दिलेल्या त्रासाचा काढता. पुढचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

आधी नैतिक समितीची मंजुरी आणि रक्त देणाऱ्याची सही. प्रयोगशाळेतल्या मित्राचं रक्त असलं तरी.

रक्त ५ मिली पुरतं. सिरिंज आणि नळ्या प्लास्टिकच्या. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए नाहीतर हेपरिन असतं. नुसत्या पेशी बघायच्या असतील तर ईडीटीएची नळी चालते. पेशी जंतू गिळताना बघायची असेल तर मात्र हेपरिनच घ्या, कारण ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं आणि गिळण्याच्या कामाला कॅल्शियम लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन महिने यीस्ट आणि न्यूट्रोफिल शेजारी शेजारी बसलेले बघितले, ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.

नळी बर्फात ठेवू नका. खोलीच्या तापमानाला ठेवा आणि लगेच कामाला लागा. साधारण १५०० जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोराने) १० मिनिटं फिरवा, ब्रेक बंद ठेवून. खाली तांबड्या पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे पांढरट पातळ थर, बफी कोट. प्लाझ्मा पिपेटने हळू काढा, थराला धक्का लावू नका. मग नळीच्या कडेने, थेंब थेंब, २.५ टक्के ग्लुटारॲल्डिहाइड सोडा. धार सोडली की थर फुटतो आणि सगळं परत मिसळतं.

ग्लुटारॲल्डिहाइड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसाठी बनवलेलंच घ्या. हॉस्पिटलात अवजारं बुडवायला असतं ते नको, आणि कपाटात पिवळं पडलेलंही नको. बाटलीत २५ टक्के असेल तर १ मिली त्यातलं आणि ९ मिली बफर, म्हणजे पीएच ढळू न देणारं द्रावण. बफर ०.१ मोलरचं, पीएच ७.२ ते ७.४. कॅकोडायलेट छान टिकतं, पण त्यात आर्सेनिक आहे. मी फॉस्फेटवरच भागवते.

तासभर खोलीतच, मग रात्रभर फ्रिजमध्ये ४ अंशाला. सकाळी तो थर खरवसासारखा बसलेला असतो. लाकडी काडीने कडेने सोडवून अलगद उचला, बफरमध्ये ठेवा, नव्या ब्लेडने १ मिलिमीटरचे तुकडे करा. कापायचं उभं. या चकतीत वर प्लेटलेट, मधे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, तळाला तांबड्या पेशींना लागून न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल अशी उतरंड असते; प्लेटलेट सोडून या चारही पांढऱ्या पेशीच. आडवं कापलं तर एका तुकड्यात नुसत्या प्लेटलेट येतील आणि तुम्ही म्हणाल, पांढऱ्या पेशी गेल्या कुठं.

इथवर आलात की घाई संपली. बफरमध्ये फ्रिजला ठेवलेला तुकडा थांबतो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून दोन्हीकडच्या बस बंद झाल्या तेव्हा माझे नमुने कोल्हापूरला जायचे होते. नऊ दिवस फ्रिजमध्ये राहिले, काही झालं नाही. खरी चूक मी वेगळीच केली होती, कितीतरी आधी. धारवाडला नेताना डीप फ्रीजरमधली जेलची पिशवी सरळ कुपीला टेकवून डबा बंद केला. कित्तूरपर्यंत कुपी गोठली असणार. पेशीभर भोकं, बर्फाच्या स्फटिकांनी पाडलेली. तेव्हापासून मधे टॉवेल गुंडाळते, तोही जाड.

पुढचा पदार्थ ऑस्मियम टेट्रॉक्साइड, १ टक्का, एक तास. याची वाफ डोळ्याच्या बुबुळावरही तेच काम करते जे पेशीच्या पडद्यावर करते, म्हणजे पक्कं करते आणि काळं करते. फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट), हातमोजे, चष्मा, यात तडजोड नाही. उरलेलं ऑस्मियम दुप्पट मक्याच्या तेलात ओता. तेल काळं पडलं की त्याचा जोर गेला. मग तो काळा डबा घातक कचऱ्यात. आमच्या मावशींनी एकदा ते तेल जळकं समजून घासायला काढलं होतं. तेव्हापासून डब्यावर मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिते.

मग पाण्याने नीट धुवा. फॉस्फेट राहिलं आणि वर युरेनाइल ॲसिटेट (पुढे रंगवायला लागतं ते) आलं की साका बसतो. पुढे पेशीतलं पाणी काढायला अल्कोहोलची चढण: ३०, ५०, ७०, ९० आणि १०० टक्के, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं, शेवटचं तीनदा. प्रोपिलिन ऑक्साइड दोनदा, तेही हूडमध्येच. मग रेझिन, म्हणजे पेशीत मुरून नंतर कडक होणारा चिकट द्रव, आधी अर्धं-अर्धं, मग निव्वळ. साच्यात घालून ६० अंशाला ४८ तास.

रेझिनचं बेळगावाशी वैर आहे. जुलैत इथं मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, शाळेचे गणवेश चार दिवस वाळत नाहीत. तीच ओल रेझिनमध्ये शिरली की ठोकळा रबरासारखा होतो, सुरी त्यावरून घसरते. म्हणून पावसाळ्यात मी रेझिनच्या बाटल्या आधी गरम ओव्हनमध्ये ठेवते, खोलीच्या तापमानाच्या वर आल्याशिवाय झाकण उघडत नाही, आणि शेवटचं अल्कोहोल नवीन फोडलेल्या बाटलीतलंच घेते. आठवडा मागंपुढं करता आला तर थांबा. गणपतीनंतर ठोकळे आपोआप सुधारतात.

आता काप. आधी अर्धा ते एक मायक्रॉनचे जाड काप काढून टोल्युडीन ब्ल्यूने रंगवा आणि साध्या सूक्ष्मदर्शीखाली बघा. पेशी आहेत का, आणि कुठल्या थरात आहात, हे इथंच कळतं. ही पायरी गाळणारे धारवाडला जाऊन प्लेटलेट मोजून परत येतात.

मग ६० ते ९० नॅनोमीटरचे काप. माझ्या सासूबाई मांडे करायच्या, उलट्या मडक्यावर असा पातळ पसरायच्या की पलीकडची चूल दिसायची. त्यांना मी सांगितलं होतं, माझा मांडा तुमच्यापेक्षा पातळ. त्यांनी विचारलं, पोट भरतं का त्याने?

काप पाण्यावर तरंगतो तेव्हा रंगावरून जाडी कळते. रुपेरी आला तर उत्तम, फिकट सोनेरी चालेल, जांभळा म्हणजे जाड, टाकून द्या. तरंगते काप हलवायला काडीला चिकटवलेला पापणीचा केस वापरतात. विकत कशाला घ्यायचा, आपला आपणच द्यायचा. काप ज्यांवर उचलायचे त्या जाळ्या तांब्याच्या, ३ मिलिमीटरच्या.

जाळ्या रंगवताना आधी युरेनाइल ॲसिटेट, मग लेड सायट्रेट. लेड सायट्रेटचं रेनॉल्ड्स यांचं कृतिपत्रक १९६३ चं, आणि ग्लुटारॲल्डिहाइडने पेशी पक्क्या करण्याची पद्धतही त्याच वर्षी आली. साठ वर्षांत फारसं बदललं नाही. लेडला कार्बन डायऑक्साइड सोसत नाही, पांढरा साका पडतो आणि फोटोत काळे ठिपके होतात. पेट्री डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवा, झाकण टाका, आणि वर वाकून बोलू नका. मी त्या पाच मिनिटांत फोनही घेत नाही.

मशीनवर बसलात की ८० किलोव्होल्ट, आणि आधी कमी मोठं करून बघा, दोन-तीन हजार पट. अख्खी पेशी ओळखल्याशिवाय आत शिरू नका. लिम्फोसाइटमध्ये केंद्रकच घरभर, भोवती पेशीद्रवाची बारीक किनार. न्यूट्रोफिलचं केंद्रक पाकळ्यांचं, पण कापात त्या सुट्या दिसतात, म्हणून एका पेशीत तीन केंद्रकं असं लिहू नका. इओसिनोफिल चुकूच शकत नाही: कणाच्या मधोमध स्फटिकाची आडवी पट्टी. प्लाझ्मा पेशी रक्तात क्वचितच, पण मज्जेच्या नमुन्यात भेटेल; तिच्यात अंतर्द्रव्य जालिकेच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या पडद्यांच्या, घड्यांवर घड्या, वडगावच्या दुकानातल्या साड्यांच्या ठप्पीसारख्या. सगळी प्रतिपिंडं त्या घड्यांतच विणली जातात. त्वचेचा तुकडा असेल तर लँगरहॅन्स पेशीत (त्वचेतली पहारेकरी पेशी) टेनिसच्या रॅकेटसारखे कण शोधा. मायकेल बर्बेक यांनी ते १९६१ मध्ये दाखवले. मला ते पहिल्यांदा दिसले त्या दिवशी ऑपरेटर "साकु, साकु", म्हणजे कन्नडमध्ये पुरे पुरे, म्हणत होता आणि मी उठत नव्हते.

गिळणं बघायचं तर बेकरीचं यीस्ट उकळून मारा, त्याच माणसाच्या सीरममध्ये अर्धा तास ३७ अंशाला ठेवा, मग पेशींबरोबर ५, १५ आणि ३० मिनिटांचे वेगळे नमुने घ्या. प्लास्टिकचे मणी वापरू नका, प्रोपिलिन ऑक्साइडमध्ये विरघळतात आणि फोटोत नुसतं गोल भोक उरतं. पाच मिनिटांच्या नमुन्यात पेशीचे ओठ यीस्टभोवती वर आलेले सापडतात. तीस मिनिटांच्या नमुन्यात यीस्ट आत, आणि भोवतीचे कण कमी झालेले, कारण ते त्यातच रिकामे झालेले असतात.

आणि मोजताना एक हिशोब करा. न्यूट्रोफिल सुमारे १२ मायक्रॉन, काप ७० नॅनोमीटर. म्हणजे एका पेशीचे जवळपास १७० काप होतात आणि तुम्ही त्यातला एक बघताय. "या पेशीत कण नाहीत" असं एका कापावरून लिहिलेलं मी प्रबंधात वाचलंय. जाळीच्या एका कोपऱ्यातून सुरू करा, केंद्रक दिसणारी जी पेशी समोर येईल तिचा फोटो घ्या, देखणी असो वा नसो, निदान तीस तरी. त्या तिसांत दहा-बारा पाय पसरलेल्या, कण सांडलेल्या निघाल्या आणि रक्त निरोगी माणसाचं असलं, तर वहीत मागं जा आणि रक्त काढल्याची वेळ बघा. मी ती नळीवरच लिहिते, मिनिटासकट, पेन्सिलने. अल्कोहोलने शाई जाते.