थकव्याला आळस समजू नका: आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांनी टाळायच्या चुका

वैद्यकशास्त्र, नर्सिंग, दंतवैद्यक, फिजिओथेरपी यांपैकी कोणतीही शाखा घेतली की ताण येणारच, असे सगळेच धरून चालतात आणि त्यामुळे ताणापलीकडची अवस्था, म्हणजे बर्नआउट, ओळखायची राहून जाते. परीक्षेचा ताण परीक्षा संपल्यावर ओसरतो. बर्नआउटमध्ये मात्र सुट्टी मिळाली, झोप झाली, तरी सकाळी वॉर्डात जाण्याच्या विचारानेच अंग जड होते.

क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी जी प्रश्नावली मांडली, तिच्यात त्याच्या तीन बाजू आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. यांतली दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या सर्वांत उशिरा लक्षात येते. रुग्णाची हिस्टरी, म्हणजे आजाराची माहिती, घेताना प्रश्न सगळे विचारले जातात, फॉर्मही भरला जातो, पण उत्तर कानावरून जाते. नातेवाइकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की चीड येते. आणि रुग्णाचे नाव विसरून तो केवळ ‘बेड नंबर बारा’ उरतो. याला कोणी ‘आता सवय झाली’ म्हणतात, तर कोणी मनातल्या मनात ‘मी या पेशाच्या लायकीचाच नाही’ असा निकाल देऊन टाकतात. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष घातक आहेत, कारण हा कोरडेपणा बहुतेक वेळा स्वभावातून आलेला नसतो. दमलेले मन स्वतःला वाचवण्यासाठी तो आडोसा घेते.

अभ्यास होत नाही म्हणून तास वाढवणे

ही चूक हुशार आणि कष्टाळू मुलांकडून जास्त होते. एकच पान चौथ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नसेल, तर उणीव कष्टांची नसून विश्रांतीची असते; पण त्याच वेळी झोपेतून दोन तास कापले जातात, ते भरून काढायला रात्री कॉफी घेतली जाते, आणि कॅफिनचा अर्धा अंश साधारण पाच तासांनंतरही शरीरात राहत असल्याने उरलीसुरली झोपही उथळ होते. सलग सतरा तास जागे राहिल्यावर हातांचा व नजरेचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका बिघडतो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. अशा अवस्थेत सलाइन लावण्याचा किंवा औषधाची मात्रा मोजण्याचा प्रसंग आला, तर धोका रुग्णालाही असतो. त्यामुळे रात्रपाळीनंतर आधी झोपावे, आणि अभ्यासाला बसल्यावर पान पुन्हापुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल तेवढे कागदावर लिहून काढावे. थोड्या वेळात अधिक लक्षात राहते.

त्रास लपवणे आणि स्वतःच औषध ठरवणे

वैद्यकीय विद्यार्थ्यांविषयीच्या अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात सुमारे २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली. मात्र अशांपैकी उपचार घेणारे जेमतेम १६ टक्के होते. दुसऱ्यांवर उपचार शिकणारी ही मुले स्वतः दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे मला फार अस्वस्थ करते. शिक्षकांना कळेल, नोंद राहील, सीनिअर कमकुवत समजतील, ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच, शक्य असेल तर, आपले मूल्यमापन न करणाऱ्या, महाविद्यालयाबाहेरच्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जावे. मित्राकडून झोपेच्या गोळ्या मागून घेणे हा उपचार नव्हे.

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकले, तर त्याला बर्नआउट म्हणून सोडून देऊ नये, तपासणी करून घ्यावी. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे न ठेवता लगेच तातडीच्या मदतीपर्यंत न्यावे. ‘कोणाला सांगू नकोस’ हे वचन इथे पाळायचे नसते.

खेळ, गाणे, घरच्यांशी बोलणे ‘परीक्षेनंतर’ ढकलणे ही चूक लहान वाटते, पण परीक्षा संपतच नाहीत.

सगळा दोष स्वतःकडे घेणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही. नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी ती स्थिती आहे, असे तिथे म्हटले आहे. वॉर्डातली ड्यूटी हेही कामच आहे. ड्यूटीचे वेळापत्रक अमानुष ठेवून महाविद्यालयाने वर्षातून एकदा ध्यानधारणेचे सत्र घेतले, तर मूळ दुखणे तसेच राहते. अशा वेळी मोघम तक्रार टिकत नाही. दोन आठवडे ड्यूटीचे तास, सुटलेली जेवणे आणि झोपेची वेळ रोज लिहून ठेवावी, बॅचमधल्या तिघा-चौघांच्या नोंदी एकत्र कराव्यात आणि त्या घेऊन मार्गदर्शक शिक्षकांकडे एकत्र जावे. मागणीही नेमकी असावी, जसे की रात्रपाळीनंतरच्या सकाळी वर्ग नको.