कोल्हापूर लोकसभा मतदारसंघ: हद्द आणि इतिहास नेमका कसा शोधायचा

पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोली पुलाची गावात शिरलं की कोल्हापूर लोकसभा मतदारसंघ मागे राहतो. गाव शहराला खेटून आहे आणि लोकांचं रोजचं येणं-जाणं कोल्हापुरात आहे, पण तालुका हातकणंगले असल्यामुळे मत जातं हातकणंगले लोकसभेला. दुसऱ्या टोकाला, तिलारी घाटाच्या माथ्यावरची चंदगड तालुक्यातली गावं मात्र कोल्हापूर लोकसभेत आहेत. म्हणून पत्ता, पिनकोड किंवा शहरापासूनचं अंतर पाहून हद्द ठरवू नका. ती राजपत्रात लिहिलेली असते आणि तिथूनच काढावी लागते.

पहिलं काम: साल ठरवणं

मतदारसंघाच्या नावात 'कोल्हापूर' १९५२ पासून चालत आलं असलं, तरी त्याखालचा मुलूख अनेकदा बदलला आहे. अभ्यास, बातमी किंवा प्रचाराचा आराखडा, काहीही करायचं असलं तरी आधी कोणत्या निवडणुकीबद्दल बोलतोय ते कागदावर लिहा आणि त्या सालाला कोणता पुनर्रचना आदेश (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा आदेश) लागू होता ते पाहा. टप्पे असे पडतात.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्यामुळे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत या भागाला मतदारसंघाची जुनी परंपरा नव्हती. तेव्हा 'कोल्हापूर-सातारा' असा जोडमतदारसंघ होता आणि त्यातून दोन खासदार निवडून जात, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. रत्नाप्पा कुंभार त्याच निवडणुकीत लोकसभेत गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापुरात आला. जुन्या आकड्यांची तुलना करताना हा तालुका हमखास विसरला जातो. १९५७ ला कोल्हापूर हा स्वतंत्र, पण पुन्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे शं. खं. दिगे असे दोघे निवडून आले. या दोन निवडणुकांची मतं मोजताना जपून राहा. प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, त्यामुळे एकूण मतांना मतदारसंख्येने भागून टक्केवारी काढली तर उत्तर चुकतं.

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि १९६२ पासून एकच खासदार निवडून येऊ लागला. १९६२, १९६७ आणि १९७१ ला जिल्ह्यात शेजारी 'हातकणंगले' नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. १९७७ ला ते नाव गेलं, 'इचलकरंजी' आलं आणि २००४ पर्यंत टिकलं. २००८ च्या पुनर्रचनेत इचलकरंजी लोकसभा रद्द होऊन हातकणंगले परत आलं. नाव तेच असलं तरी १९७१ चं हातकणंगले आणि २००९ चं हातकणंगले एका ओळीत मांडून मतांची वाढ-घट दाखवू नका, हे दोन वेगळे मुलूख आहेत.

खासदारांची यादी तुलनेने सोपी आहे: १९६२ वि. तु. पाटील, १९६७ शंकरराव माने, १९७१ राजाराम निंबाळकर, १९७७ शेकापचे दाजीबा देसाई, १९८० ते १९९६ सलग पाच वेळा उदयसिंगराव गायकवाड, १९९८ ते २००९ चार वेळा सदाशिवराव मंडलिक (शेवटची निवडणूक अपक्ष), २०१४ धनंजय महाडिक, २०१९ संजय मंडलिक, २०२४ शाहू छत्रपती महाराज. एक गोष्ट यादीत दिसत नाही. मंडलिकांच्या चार विजयांपैकी तीन जुन्या हद्दीतले आहेत आणि चौथा नव्या हद्दीतला. त्या चारही निकालांचा एकच आलेख काढला तर तो दोन वेगळ्या मतदारसंघांचा आलेख होतो.

हद्द अशी का पडली: तीन भागाकार

२००८ चा आदेश समजून घ्यायचा तर आधी आकडेमोड करा. ती केली की बाकीचं आपोआप उलगडतं. पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ आणि विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे एका जागेमागे सरासरी ३,३६,३८४ माणसं. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३५,२३,१६२. भागाकार येतो १०.४७, म्हणून जिल्ह्याला दहा जागा मिळाल्या.

त्याआधी बारा होत्या. तो हिशेब १९७१ च्या जनगणनेचा होता: राज्य सुमारे ५ कोटी ४ लाख, जिल्हा सुमारे २० लाख ४८ हजार, भागाकार ११.७. मधल्या तीस वर्षांत जिल्हा वाढला, पण राज्य, विशेषतः मुंबई-ठाणे-पुणे पट्टा, त्याहून जोरात वाढला. कोल्हापूरच्या दोन जागा गेल्या त्या या वेगातल्या फरकामुळे. 'कुणीतरी आपल्या जागा पळवल्या' असं अजूनही कानावर येतं, पण भागाकार करून पाहिला की कारण स्पष्ट होतं.

पुढचा भाग लोकसभेचा. राज्यात ४८ लोकसभा जागा असल्याने प्रत्येकीत सहा विधानसभा येतात. बारा जागा असताना सहा-सहाच्या दोन लोकसभा नीट बसत होत्या. दहातून सहा कोल्हापूरला गेल्या की चारच उरतात. सांगली जिल्ह्याचा भागाकार ७.६८, म्हणजे आठ जागा, त्यातल्या सहा सांगली लोकसभेला आणि दोन शिल्लक. ते दोन म्हणजे इस्लामपूर आणि शिराळा, आणि कोल्हापूरच्या चार जागांना जोडून हातकणंगले लोकसभा पूर्ण केली गेली. वारणेपलीकडचे हे दोन मतदारसंघ हातकणंगलेत का, याचं उत्तर एवढंच आहे.

तिसरा भागाकार शहराचा. कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४ लाख ९० हजार होती, म्हणजे जवळपास दीड जागेपुरती. एका विधानसभेत शहर मावत नव्हतं आणि दोन भरत नव्हत्या. म्हणून कोल्हापूर उत्तर हा शहराच्या आतला मतदारसंघ झाला, तर कोल्हापूर दक्षिणला उरलेलं शहर आणि उचगाव, गांधीनगरसारखी करवीर तालुक्यातली गावं मिळाली. कागदावर शहराच्या नावाचा असलेला हा लोकसभा मतदारसंघ प्रत्यक्षात दीड हिस्सा शहर आणि साडेचार हिस्से ग्रामीण आहे. शहरी मतदारसंघ म्हणून त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे प्रमाण आधी मनात धरावं.

आदेश वाचणं

मूळ कागद म्हणजे 'संसदीय व विधानसभा मतदारसंघ परिसीमन आदेश, २००८'. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो राज्यवार मिळतो. महाराष्ट्राच्या भागात दोन तक्ते आहेत. लोकसभेच्या तक्त्यात ४७ क्रमांकासमोर फक्त सहा नावं सापडतील: २७१ चंदगड, २७२ राधानगरी, २७३ कागल, २७४ कोल्हापूर दक्षिण, २७५ करवीर, २७६ कोल्हापूर उत्तर. प्रत्यक्ष गावं-वॉर्ड विधानसभेच्या तक्त्यात आहेत, म्हणून नेहमी दोन्ही तक्ते जोडून वाचा.

विधानसभेची व्याख्या तालुका, मग महसूल मंडळ (काही सजांचा गट), कुठे कुठे तलाठी सजा (एका तलाठ्याकडची गावं) आणि शहरात महापालिका वॉर्ड अशा क्रमाने लिहिलेली असते. तालुक्यापुढे 'भाग' हा शब्द आला की थांबा, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. गडहिंग्लज तालुका चंदगड आणि कागल या दोन मतदारसंघांत वाटला आहे. आजरा गाव राधानगरीत, तर त्याच तालुक्यातला उत्तूरचा भाग कागलात आहे. पन्हाळा तालुका करवीर आणि शाहूवाडी यांच्यात फुटला आहे, आणि शाहूवाडी हातकणंगले लोकसभेत असल्यामुळे पन्हाळा हा एकच तालुका दोन खासदारांना मत देतो. 'तालुक्याचा खासदार कोण' या प्रश्नाला पन्हाळ्यात एक उत्तर नाही.

'करवीर' हा शब्द फार फसवतो. करवीर तालुका वेगळा (शहरही त्यातच येतं, आणि तो तीन मतदारसंघांत विभागला आहे), करवीर विधानसभा वेगळी (ती करवीर, पन्हाळा आणि गगनबावडा तालुक्यांत पसरली आहे), आणि २००४ पर्यंतची करवीर विधानसभा आणखी वेगळी. जुन्या करवीरचा वारसा बराचसा आजच्या कोल्हापूर दक्षिणकडे गेला, तर आजच्या करवीरची नाळ जुन्या सांगरूळ मतदारसंघाशी आहे. सतेज पाटील २००४ ला करवीरमधून आणि २००९ ला कोल्हापूर दक्षिणमधून निवडून आले, तेव्हा त्यांनी मतदारसंघ बदलला असं वाटतं. मोठ्या प्रमाणात बदललं होतं ते नाव. सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज आणि वडगाव ही चार नावं २००८ नंतर यादीतून गेली. तुलनेच्या तक्त्यात त्यांच्यासमोर 'रद्द' एवढं लिहून सोडू नका, त्यांची गावं कुठे गेली ते लिहा.

मंडळापासून गावापर्यंत

इथे वेळ लागतो आणि घाई अंगाशी येते. आदेशातली महसूल मंडळं, सजा आणि वॉर्ड १५ फेब्रुवारी २००४ रोजी होते तसे धरलेले आहेत. त्यानंतर नवी मंडळं आणि नवे सजे निर्माण झाले, काही गावांचं मंडळ बदललं. आजच्या मंडळाची गावयादी घेऊन आदेशाला लावली तर काही गावं दोन्हीकडे येतात आणि काही कुठेच येत नाहीत. खरी यादी तहसील कार्यालयाकडे मागावी. माहिती अधिकाराच्या अर्जात 'मंडळनिहाय गावयादी' एवढंच न लिहिता '१५ फेब्रुवारी २००४ रोजीची मंडळ व सजानिहाय गावांची यादी' असं लिहा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. ज्या तालुक्यांचे भाग झाले आहेत, त्या प्रत्येकाला वेगळा अर्ज करा. राधानगरी, भुदरगड, कागल, चंदगड आणि गगनबावडा पूर्ण असल्यामुळे तिथे याची गरज पडत नाही.

गावांची नावं जोडताना २००१ च्या जनगणनेचे गावकोड हा कणा ठेवा. नावावर विसंबू नका. 'कडगाव' गडहिंग्लजमध्ये आहे आणि भुदरगडमध्येही आहे. खुर्द-बुद्रुकच्या जोड्या तर पदोपदी भेटतात.

शहरात अडचण वेगळी आहे. महापालिकेचे प्रभाग राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली पालिका निवडणुकीसाठी पुन्हा आखले जातात, विधानसभेची हद्द मात्र आदेशातल्या जुन्या वॉर्डांवर गोठलेली असते. आजच्या प्रभागाच्या नकाशावरून उत्तर-दक्षिणची रेघ ओढली तर ती चुकणारच. तोच न्याय हद्दवाढीला. उद्या एखादं गाव महापालिकेत घेतलं तरी त्याचा विधानसभा मतदारसंघ त्यामुळे बदलणार नाही. निवडणूक आयोगाला आदेशातल्या छपाईच्या चुका आणि बदललेली नावं दुरुस्त करता येतात, पण मतदारसंघाचं क्षेत्र हलवता येत नाही. आणि या आदेशाला न्यायालयात सहसा आव्हान देता येत नाही, ती मनाई राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदात आहे.

पडताळणी

तयार केलेली गावयादी मतदार यादीशी ताडून पाहा. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघाचं नाव, मुख्य गाव किंवा वॉर्ड, तालुका आणि पोलीस ठाणं छापलेलं असतं. सगळ्या भागांची पहिली पानंच काढायची, आतली नावं लागत नाहीत. सीमेवरच्या गावांपासून सुरुवात करा: शिरोलीच्या बाजूची करवीर तालुक्यातली गावं, पन्हाळ्याची विभागलेली मंडळं, गडहिंग्लज-कागलची शीव. तिथे जुळलं तर मधलं सहसा जुळतं.

जुन्या-नव्या निकालांची तुलना करायची असेल तर फॉर्म २० घ्या, त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीत सरकतात, म्हणून जोडणी क्रमांकाने न करता गाव आणि शाळेच्या नावाने करा. सहा विधानसभांची बेरीज खासदाराच्या एकूण मतांपेक्षा थोडी कमी भरली तर दचकू नका. टपाली मतं लोकसभेच्या पातळीवर मोजली जातात, त्यामुळे ती कुठल्याच विधानसभेच्या रकान्यात दिसत नाहीत. फरक टपाली मतांइतकाच आहे ना, तेवढं मात्र तपासा. नसेल तर एखाद्या केंद्राचं पान सुटलेलं असतं.