जुन्या बाजारात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे पितळी समई किंवा फिरकीचा तांब्या घेताना आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. नाही चिकटला तरी बूड उलटं करून बाहेरची झिजलेली कड पाहा. तिथे पांढरट धातू डोकावत असेल, तर पितळेचा भाव देऊ नका. ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं भांडं मिळालं, तर मी तेच उचलते. कुणाच्या तरी लग्नातलं असतं ते, आणि दिवाणखान्यात ठेवलं की घर बोलू लागतं. घरी आल्यावर चिंच-मीठ लावा, पण नाव पुसेल इतकं घासू नका. स्वयंपाकाला वापरायचं असेल, तर आधी कल्हई हवीच.

कपड्यांसाठी आधी आजीची ट्रंक उघडा. जुनी रेशमी साडी घडीवरच विरते, काठ मात्र बहुतेकदा शाबूत राहतात. ते अलगद उसवून साध्या सुती ब्लाउजच्या बाह्यांना लावा. शिलाईपुरताच खर्च येतो.